थंड पँट्रीतला लाल मनोरा

पुढच्या बाजूने त्या जहाजाला फरशीच्या मेणाचा, सिगारचा आणि बायकांच्या अत्तराचा वास येई. मागच्या बाजूने उष्ट्याचा. मी काही वर्षे त्या जहाजावर नोकरी केली. एकोणीसशे साठच्या आसपासची ती वर्षे. शहराला तेव्हा मद्रास म्हणत, आणि मीही तसेच म्हणणार आहे. कुणी त्या जहाजाच्या थाटाविषयी विचारले की मला आधी तो मागचा वास आठवतो, आणि मग एक लाल जेली आठवते. लिहायचे आहे ते जेलीविषयी. परंतु जहाज कसे होते हे सांगितल्यावाचून जेलीचे प्रकरण समजणार नाही.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात आमची जुनी मराठी, रस्त्यावर तमिळ, कचेरीत इंग्रजी. आमच्या माणसांनी शिक्षक व्हावे, कारकून व्हावे, फार तर वकील व्हावे, अशी रीत होती. समुद्रावर कोणी जात नसे. गेला तो फक्त माझ्या आईचा मावसभाऊ. मी त्यांना मामा म्हणे. जॉर्ज टाउनमध्ये, बंदराचा भोंगा ऐकू येईल अशा गल्लीत त्यांचे घर होते. तमिळमध्ये जहाजाला कप्पल म्हणतात. आमच्या लोकांत मामांचा उल्लेख झाला की "कोण, कप्पल का?" असे विचारले जाई, आणि विचारणारा किंचित हसे. त्यांच्या तोंडावर मात्र तेच लोक "राव" म्हणत. आमच्यात सगळेच राव.

मामांनी घरी सांगितले होते की ते जहाजाचे भांडार पाहतात. तांदूळ, पीठ, साखर, डबे यांची आवकजावक. सुरुवातीला ते खरेही होते. पुढे कंपनीने त्यांना थंड पँट्रीत घातले. ते दारू पीत नसत आणि त्यांचे हात स्वच्छ असत, एवढीच त्यांची पात्रता पाहिली गेली. थंड पँट्री म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली, बर्फाच्या कपाटांची खोली. जे पदार्थ गार वाढायचे ते तिथे सजत. मांसाचे काप, डोक्यासकट ठेवलेले मासे, कोशिंबिरी, जेल्या. जन्मात अंडे न खाल्लेला माणूस तिथे उभा राहून डुकराच्या मांडीचे पातळ काप काढी. काम संपले की ते अंघोळ करत, पँट्रीचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधत, आणि कोठाराच्या कोपऱ्यात लहान स्टोव्हवर स्वतःपुरता भात शिजवत. दही-भात आणि घरचे लिंबाचे लोणचे. हे जहाजावर सर्वांना ठाऊक होते. पँट्रीचे काम घरी मामींनाही ठाऊक नव्हते.

मला त्या जहाजावर त्यांनीच लावले. मी केबिनचा नोकर होतो. पलंग आवरणे, बूट पुसणे, सकाळचा चहा नेणे, आणि समुद्र खवळला की बादल्या नेणे व आणणे. प्रवाशांपैकी बहुतेक वृद्ध आणि श्रीमंत गोरे. हिवाळ्यात थंडी चुकवायला जगभर फिरणारे. एकेका बाईच्या सामानात संध्याकाळचे इतके पोशाख असत की त्यांच्यासाठी शेजारची केबिन घेतलेली असे.

त्यांचा दिवस घंटेवर चाले. न्याहारीची घंटा, मग अकराच्या सुमारास डेकवर मांसाच्या गरम रश्शाचे कप, मग दुपारचे जेवण, मग चहा आणि केक, मग जेवणासाठी पोशाख करण्याची घंटा, मग जेवण. दोन घंटांच्या मधल्या वेळात ते वेताच्या लांब खुर्च्यांवर, पायांवर घोंगडी घेऊन पडत आणि पुढच्या जेवणाचे छापील पत्रक वाचत. मी वाचनालयात पुस्तक हातात घेतलेला प्रवासी क्वचितच पाहिला. पत्रक सगळे वाचत.

एक वृद्ध बाई होती. ती मांडीवर कुत्रा घेऊन जेवायला बसे. कुत्र्यासाठी कोंबडीचा ऊर वेगळा उकडून येई. कुत्रा हुंगून तोंड फिरवी, मग ती दुसरा मागवी. एक गृहस्थ अंडे तीनदा परत पाठवत. पिवळे फार घट्ट, पिवळे फार पातळ, आणि तिसऱ्या वेळी भूक मेली म्हणून. ताटेच्या ताटे न मोडता परत येत. शेवटच्या मोठ्या भोजनाला लोण्याचे हंस आणि बर्फाचे घोडे केले जात. लोक त्यांच्याभोवती उभे राहून टाळ्या वाजवत. दुसऱ्या दिवशी ते लोणी पिंपात जाई.

ही पिंपे जहाजाच्या शेपटीकडे, खालच्या डेकवर असत. भर समुद्रात उष्टे सरळ नळीतून पाण्यात सोडत. बंदरात तसे करण्यास मनाई होती, म्हणून जहाज धक्क्याला असेपर्यंत सगळे पिंपांत साठे. मद्रासच्या उन्हात ते फुगे. झाकणांखालून फेस येई. आमची झोपायची खोली बरोबर त्या पिंपांच्या खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली होती. आठ माणसे, एक पंखा, झुरळे. जहाज कलकत्त्याकडे निघाले आणि मद्रासच्या उत्तरेचे एन्नोर गाव मागे पडले की पिंपे ओतली जात. एन्नोरचे मच्छीमार हे ओळखून होते. त्यांचे कट्टुमरम, म्हणजे लाकडी ओंडके बांधून केलेले तराफे, आमच्या मागे मागे येत. मी त्या माणसांना फेसाळ पाण्यातून संत्री, पावाचे अर्धे तुकडे, कोंबडीच्या तंगड्या वेचताना पाहिले आहे. वरच्या डेकवरून प्रवासी त्यांची छायाचित्रे घेत. शहरात त्या काळी तांदळासाठी लोक रांगा लावत. याहून अधिक त्या थाटाविषयी मला सांगायचे नाही.

आता जेली. थंड पँट्रीचा मुख्य गोरा आचारी जुन्या पद्धतीचा अभिमानी होता. इतर जहाजांवर डब्यातली पूड वापरत. तो वापरत नसे. वासराचे खूर तासन्‌तास उकळून, गाळून, त्या चिकट पाण्यात साखर, लिंबू आणि लाल गोड दारू घालून तो साच्यात ओती. गार झाल्यावर साचा उलटा केला की काचेसारखा लाल मनोरा उभा राही. खूर खरवडून धुण्याचे काम मामांचे. हे मी एकदाच पाहिले. मोठ्या पातेल्यात ती नखे आणि पिवळी हाडे वरखाली होत होती, आणि वर राखाडी साय धरली होती. मामा झाऱ्याने ती काढत होते. माझ्याकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "इथे येत जाऊ नकोस."

मामांना एकच मुलगी. तिच्या दोन सोयरिकी बापाच्या नोकरीपायी मोडल्या होत्या. पहिल्या घराने कारण सांगितले नाही. दुसऱ्याने सांगितले. त्यानंतर ती हळदीकुंकवाला जाईनाशी झाली. तिचे वय त्या काळाच्या मानाने पुढे गेले होते, आणि मामी या विषयावर कुणाशी बोलत नसत. मग शहरातल्याच ट्रिप्लिकेन भागातल्या एका घरातून विचारणा आली. मुलगा एग्मोरच्या एका कार्यालयात नोकरीला होता, निर्व्यसनी होता. त्याचे वडील निवृत्त शिरस्तेदार. उंच, ताठ, कपाळाला ठसठशीत गंध. घरात सोवळे इतके की नळाचे पाणी स्वयंपाकाला चालत नसे; मागच्या विहिरीचे लागे.

शिरस्तेदार मुलगी पाहायला आले तेव्हा मी मामांच्या घरी होतो. मुलगी आत गेल्यावर त्यांनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला.

"मुलगी पसंत आहे. मुलीचा बाप मात्र पाहायचा राहिला."

"बाप तर समोर बसला आहे," मामा म्हणाले.

"इथे बसलेला दिसतो, राव. समुद्रावर बसलेला कुठे दिसतो? तिथे मांस शिजतं की नाही?"

"शिजतं. गोऱ्यांचं जहाज आहे."

"तुम्ही हात लावता?"

"मी भांडार पाहतो."

"सेरी," शिरस्तेदार म्हणाले. 'बरं' या अर्थी आम्ही सगळेच तो तमिळ शब्द वापरतो. त्यांच्या तोंडी तो निकालासारखा वाटे. "मग आम्हाला दाखवा की तुमचं भांडार. लोक कप्पल कप्पल म्हणून हसतात. मी एकदा डोळ्यांनी पाहिलं, की माझ्यापुढे कोण हसतो ते बघू."

नाही म्हणण्याची सोय नव्हती. नाही म्हटले असते तर तिसरी सोयरीक तिथेच मोडली असती.

जहाज पुढच्या खेपेला मद्रासला लागले त्या दिवशी प्रवासी सकाळीच मोटारींनी महाबलीपुरम पाहायला गेले. मद्रासमध्ये दारूबंदी होती, त्यामुळे कस्टमच्या माणसांनी जहाजाचा बार सील केला होता. प्रवाशांच्या दृष्टीने आमच्या शहरात थांबण्यासारखे काही उरले नव्हते. मामांनी मुख्य कारभाऱ्याची परवानगी काढली होती. सर्व त्यांनी आधी ठरवले होते. पाहुण्यांना पुढच्या शिडीने वर घ्यायचे, म्हणजे पिंपे दिसणार नाहीत. मी पुढे चालायचे आणि स्वयंपाकघराकडची दारे लोटत जायचे. धान्याचे कोठार दाखवायचे. मग भोजनगृहाला लागून मुलांच्या जेवणाची एक छोटी खोली होती, तिथे बसवायचे. फळे आणि कॉफी, तीही घरची. फिरकीच्या तांब्यातून कॉफी, ती गार करायचा वाटीसारखा दवरा आणि टंबलर मी सकाळी जॉर्ज टाउनहून आणून ठेवले होते.

शिरस्तेदार सपत्नीक आले. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. ठेंगण्या, गप्प, नऊवारीचा काष्टा घट्ट, नजर जमिनीवर. पण जमिनीवरच्या त्या नजरेतून काही सुटत नसे. शिडी चढून वर आल्यावर शिरस्तेदारांनी वहाणा काढल्या. गालिचा पाहून त्यांना त्यावर वहाणेने जाणे बरे वाटले नाही. अनवाणी पायांनी ते भोजनगृहात शिरले आणि वरच्या झुंबरांकडे पाहत उभे राहिले.

"तंजावरच्या वाड्यात तरी असं असेल का हो?" ते पत्नीला म्हणाले.

"वाड्यात असा वास नव्हता," अक्का म्हणाल्या.

"कसला वास? फिनेलचा आहे. स्वच्छ ठेवतात."

फिनेल मामांनीच सकाळी शिंपडवले होते. शिरस्तेदारांनी टेबलावर बोट फिरवून पाहिले, बोटाला काही लागले नाही. कोठारात त्यांनी तांदळाच्या गोणीत हात घातला, दाणे तळहातावर घेऊन नाकाशी नेले आणि मान डोलावली. मामांचा चेहरा सैल होत गेला. आम्ही छोट्या खोलीत आलो, सर्व बसले, मी केळी मांडली. आता कॉफी प्यायची आणि उतरायचे, एवढेच उरले होते.

तेवढ्यात दार ढकलून तो गोरा आचारी आत आला. त्याच्या हातात चांदीचे तबक, तबकात लाल मनोरा. आदल्या रात्रीच्या मोठ्या भोजनात न मोडलेला एक. मामांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी आहेत हे त्याला परवानगीच्या वेळी कळले होते. मामांवर त्याचा लोभ होता. त्याने तबक शिरस्तेदारांपुढे ठेवले, टोपी काढली, वाकला आणि हसत उभा राहिला. त्याला आमची भाषा कळत नव्हती.

"हे काय? गोपूरच की!" शिरस्तेदार म्हणाले.

"कडल पासी दिसते," अक्का म्हणाल्या. समुद्राच्या शेवाळापासून करतात ती. मद्रासच्या घरांत उन्हाळ्यात साखर घालून तिच्या वड्या पाडतात. कुणी तिला चायना ग्रास म्हणतात. शाकाहारी, उपवासालासुद्धा चालणारी.

मामा पुढे झाले. "राव, ते राहू द्या. कालचं आहे. शिळं."

आमच्या घरांत शिळे म्हटले की हात मागे जातो. मामांनी योग्य तोच शब्द निवडला होता. पण तो शब्द त्यांनी मुलीचा बाप म्हणून, मुलाच्या बापासमोर उच्चारला होता. शिरस्तेदारांची मान ताठ झाली.

"बर्फाच्या कपाटातलं कधीपासून शिळं होऊ लागलं? साहेबानं स्वतः आणून मान केला, आणि मुलीचा बाप म्हणतो राहू द्या! केळ्यांवर वाटेला लावता का आम्हाला? अजून लग्न ठरलंही नाही, राव. हात आत्ताच आखडलात?"

"तसं नाही हो."

"मग वाढा."

मी मामांकडे पाहिले. सांगायचे असते तर तो क्षण होता. एक वाक्य पुरेसे होते, आणि त्या वाक्यापाठोपाठ दुसरा प्रश्न आला असता: तुम्हाला काय ठाऊक? मामांनी माझ्याकडे पाहून डोके किंचित हलवले. मग स्वतः चमचा उचलला आणि मनोऱ्याचा वरचा मजला कापून शिरस्तेदारांच्या बशीत घातला. काप सरळ उतरला. ते काम ते रोज करत होते.

शिरस्तेदारांनी खाल्ले. डोळे मिटले. पुन्हा खाल्ले. मी त्या लाल गोळ्याला त्यांच्या घशातून खाली जाताना पाहिले आणि माझ्या तोंडाला पाणी सुटले. ओकारीपूर्वी सुटते तसे. मला ते पातेले दिसत होते. नखे, हाडे, साय.

"अहाहा! आणि आत काहीतरी मसाला आहे. छातीत ऊब येते. काय घालतात हो?"

"दालचिनी असेल."

"असेल? भांडार तुमचं, आणि तुम्हाला ठाऊक नाही?"

"मी भांडार पाहतो, राव. स्वयंपाक नाही."

शिरस्तेदार मोठ्याने हसले आणि त्यांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. हेच उत्तर ऐकण्यासाठी ते जहाजावर आले होते. ते ऐकून समाधान झाले, आणि त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले. आचारी आनंदाने टोपी फिरवत होता.

अक्कांच्या बशीतही एक तुकडा होता. त्यांनी तो तोंडात घातला नव्हता. चमच्याची पाठ त्यावर दाबून त्या पाहत होत्या. कडल पासी दाबली की चिरते, तुकडे पडतात. हे दबत होते आणि पुन्हा वर येत होते. त्यांनी आणखी एकदा दाबले. मग चमचा खाली ठेवला, बशी दूर सारली आणि पहिल्यांदाच मान वर करून मामांकडे पाहिले.

"मला शिळं चालत नाही," त्या म्हणाल्या.

मामांनी मान खाली घातली.

उतरताना शिरस्तेदार पुढे चालत होते. जहाजाची लांबी किती, माणसे किती, असे मामांना विचारत होते. आवाज नेहमीपेक्षा चढा आणि गाल तांबूस होते. अक्का मागे राहिल्या. धक्क्यावर टॅक्सीची वाट पाहताना त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या.

"बाळा, ते कशाचं होतं?"

"मला ठाऊक नाही, अक्का."

"ठाऊक नसतं तर तू माझ्याकडे बघून बोलला असतास." मग त्या म्हणाल्या, "बोलू नकोस. मी विचारलंच नाही असं समज. मुलगी घरी काय शिजवते?"

"तीच सगळं करते. मामींचे गुडघे दुखतात."

"हं," अक्का म्हणाल्या, आणि टॅक्सीत बसल्या.

मामा त्या दिवसापासून निरोपाची वाट पाहत राहिले. त्यांना वाटत होते, बाई नवऱ्याला सांगणार. सांगितले तर सोयरीकच काय, आमच्या लोकांत त्यांच्या घरचे पाणी कुणी घेतले नसते. खूर धुताना त्यांनी एकदा हात कापून घेतला. इतक्या वर्षांत त्यांचा हात कापलेला मी पाहिला नव्हता.

निरोप आला. सोयरीक मान्य होती. एक अट होती. मामांनी समुद्र ओलांडला होता, म्हणून कन्यादानापूर्वी त्यांनी प्रायश्चित्त घ्यावे. जहाज स्वच्छ आहे, माणूस स्वच्छ आहे, शिरस्तेदारांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पण शास्त्र ते शास्त्र.

मामांच्या घराच्या मागच्या अंगणात ते झाले. भटजींनी पितळी वाटीत पंचगव्य कालवले. दूध, दही, तूप, गोमूत्र, शेण. सगळे गाईचेच. मी रजा काढून आलो होतो आणि भिंतीला टेकून उभा होतो. शिरस्तेदार पाटावर बसून देखरेख करत होते. त्यांच्या कपाळावरचे गंध त्या दिवशी नेहमीपेक्षा रुंद होते.

"सगळं घ्या, राव. तळाशी ठेवू नका. समुद्र मोठा आहे."

मामा प्याले. त्यांना उमासा आला, त्यांनी तो गिळला. मला तो वास आणि जहाजावरच्या पिंपांचा वास वेगळा करता येईना. ज्याच्या पोटात ती जेली गेली होती तो पाटावर बसला होता, आणि ज्याने घास घातला तो वाटी चाटत होता. मी तिथून निघून जाणार होतो.

"अहो," अक्का दारातून म्हणाल्या. "थोडं तुम्हीही घ्या."

"मी? मी कशाला?"

"तुम्हीही कप्पलवर पाय ठेवलात ना."

शिरस्तेदार हसले. "धक्क्याला बांधलेली होती ती. समुद्र कुठे ओलांडला मी?"

"खाली पाणीच होतं. आणि तिथलं तुम्ही खाल्लंत."

"कडल पासी खाल्ली! उपवासाला चालते ती."

"घ्या हो. माझ्या मनाला बरं वाटेल. मुलाचं शुभकार्य आहे."

आवाज चढलेला नव्हता. भटजींनी मान डोलावली. त्यांचे काय जात होते. शिरस्तेदारांनी सगळ्यांकडे पाहिले, मग हात पुढे केला. भटजींनी पुन्हा कालवले. वाटी मामांनी उचलून त्यांच्या हातात दिली. देताना मामांनी अक्कांकडे पाहिले, आणि अक्का जमिनीकडे पाहत होत्या.

"तळाशी ठेवू नका," अक्का म्हणाल्या.

शिरस्तेदारांनी नाक मुरडून सगळे घेतले.

लग्न झाले. मुलगी ट्रिप्लिकेनला गेली. लग्नात मामांना कुणी वेगळ्या पंगतीला बसवले नाही. मी ते पाहिले, आणि मला त्याबद्दल समाधान वाटायला हवे होते. पण पंगतीत शिरस्तेदार सोवळ्याच्या गोष्टी सांगत होते, कोणत्या घरी काय चालत नाही ते सांगत होते, आणि लोक मान डोलावत होते. मी भाताचे दोन घास खाऊन उठलो.

त्या उन्हाळ्यात जहाज डागडुजीसाठी दूर गेले होते. मामा घरी होते, मीही घरी होतो. एक दिवस व्याही-विहीण जॉर्ज टाउनला जेवायला आले. जेवण झाल्यावर शिरस्तेदारांनी मामांच्या कानाशी तोंड नेले; पण त्यांना हळू बोलता येत नसे.

"व्याही, तुमच्या बोटीवरचं ते लाल. गोपुरासारखं. ते मला पुन्हा होणा." 'होणा' म्हणजे हवे, तंजावरी मराठीत आम्ही असेच म्हणतो. "मिळेल का?"

मामा त्यांच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मिळेल की. पुढच्या रविवारी या."

रविवारी मामांनी ते स्वतः केले. जॉर्ज टाउनच्या बाजारातून कडल पासीच्या पांढऱ्या काड्या आणल्या, भिजवल्या, घासलेल्या तांब्याच्या पातेल्यात विहिरीच्या पाण्यात उकळल्या. साखर, लिंबू, थोडा डाळिंबाचा रस आणि शेवटी दालचिनी. आठवणीने. जहाजावरून एक जुना साचा आणला होता. तो चिंचेने घासला, उकळत्या पाण्यातून काढला आणि त्यात ओतले. मामी म्हणाल्या, "एवढा का घासता?"

साचा उलटा केला. लाल मनोरा उभा राहिला. तितकाच लाल, तितकाच उंच. मामांनी सर्वांना वाढले. शिरस्तेदारांनी घास घेतला, डोळे मिटले, उघडले. दुसरा घास घेतला. मग वाटी पुढे सरकवली.

"ती चव नाही हो. दिसायला तेच आहे. ती ऊब नाही याच्यात."

मामांचा चेहरा मला दिसला नाही. ते साचा पुसत होते.

"उन्हाळ्यात कसली ऊब?" अक्का म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याची वाटी स्वतःकडे ओढली. चमच्याची पाठ त्या तुकड्यावर दाबली. तो चिरला. मग त्यांनी ते सगळे, नवऱ्याचे उष्टे, सावकाश खाऊन संपवले आणि मामांना म्हणाल्या, "आणखी वाढा."

माझी वाटी भरलेलीच राहिली. मी पुन्हा जहाजावर गेलो नाही.